ग्रॅफीन संशोधन

ग्रॅफीन संशोधन : ग्रॅफीन हे कार्बनाचे एकाच अणूइतक्या जाडीचे बहुरूप होय. शिसपेन्सिलीतील ग्रॅफाइटात कार्बन अणूंच्या षट्‌कोणी जाळीचे थर एकावर एक रचलेले असतात. थरातील शेजारच्या दोन अणूंमधील अंतर ०·१४२ नॅनोमीटर (१ नॅनोमीटर म्हणजे मीटरचा एक अब्जांश भाग), तर दोन थरांमधील अंतर ०·३३५ नॅनोमीटर असते. थरातील बंध बळकट व थराथरांमधील आकर्षण दुबळे असल्याने लिहिताना थर सुटून कागदावर उतरतात. यांपैकी सुटा एकच थर म्हणजे ग्रॅफीन. त्यातील इलेक्ट्रॉनांच्या ऊर्जापट्टांचे गणित पी. आर. वॉलिस यांनी १९४७ मध्येच मांडले होते. तथापि असा सुटा थर टिकून राहील, यावर फारसा कोणाचा विश्वास नव्हता.

हा थर २००४ मध्ये मँचेस्टर विद्यापीठात आंद्रे गाइम व कॉन्स्टंटिन नोव्होसेलॉव्ह यांनी विलग केला आणि त्याच्या गुणधर्मांवरील प्रयोगांबद्दल दोघांना २०१० चे भौतिकीचे नोबेल पारितोषिक मिळाले. नोव्होसेलॉव्ह हे नेदर्लंड्समध्ये गाइम यांचे विद्यार्थी होते व गुरूबरोबरच मँचेस्टरला आले. गाइम यांनी एका नव्या विद्यार्थ्यास ग्रॅफाइटाचा तुकडा घासून शक्य तितका पातळ करण्यास सांगितले होते. घासून तो पुरेसा पातळ होईना. तेव्हा सूक्ष्मदर्शकासाठी ग्रॅफाइटाचा पृष्ठभाग स्वच्छ करताना चिकटपट्टी लावून ओढतात व ती टाकून देतात, ही गोष्ट एका सहकाऱ्याने दाखवून दिली. टाकाऊ पट्टीवरच पातळ पापुद्रे सापडले. पुढची अडचण ते ओळखण्याची होती. सिलिकॉनावर ३०० नॅनोमीटर जाडीचा ऑक्साइडाचा लेप असल्यास प्रकाशाच्या व्यतिकरणामुळे एकेरी थर साध्या सूक्ष्मदर्शकातून दिसतो. लेप ३१५ नॅनोमीटर झाला, तर तो जवळजवळ दिसेनासा होतो. कोणती फिकट छटा एकेरी थराची व कोणती दुहेरी, हे नवख्यास शेजारी बसलेल्या जाणत्याकडूनच शिकावे लागते. हे कौशल्य शोधनिबंधाच्या ‘प्रयोगपद्धती’ या भागात मावत नाही.

ग्रॅफीन पांढऱ्या प्रकाशाचा केवळ सु. २·३ टक्के भाग शोषते. एक चौरस मीटर थराचे वजन एका मिलिग्रॅमहूनही कमी भरते, तरी दोषरहित थराचा ताणस्थितिस्थापकांक सु. १,००० गिगापास्कल, म्हणजे पोलादाच्या सु. पाचपट असतो. त्यातील इलेक्ट्रॉन जणू वस्तुमान नसल्याप्रमाणे, प्रकाशवेगाच्या सु. तीनशेव्या भागाइतक्या वेगाने जातात. मात्र त्याच्या ऊर्जापट्टांत मोकळी फट नसल्याने त्याचा स्विचसारखा उपयोग करणे अवघड जाते. ग्रॅफीन सिलिकॉनाची जागा घेईल, ही सुरुवातीची भाकिते म्हणूनच उतावळी ठरली.

महाराष्ट्रात या विषयाचे उल्लेखनीय कार्य मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत झाले. कॉर्नेल विद्यापीठात डॅन राल्फ यांच्या मार्गदर्शनाखाली डॉक्टरेट मिळविलेले मंदार देशमुख २००६ मध्ये तेथे आले. त्यांच्या गटाने ग्रॅफीनचा थर विद्युत् अग्रांमध्ये नगाऱ्याच्या कातड्यासारखा अधांतरी ताणला व तापमानाबरोबर त्याच्या कंपनांची वारंवारता कशी बदलते, हे मोजले. ३० ते ३०० केल्विन या पल्ल्यात ग्रॅफीन तापले की प्रसरण न पावता आकुंचन पावते, असे त्यावरून २०१० मध्ये दिसून आले. त्या निबंधाचे पहिले लेखक विभोर सिंग हे तेव्हा संशोधक विद्यार्थी होते. पुढे डेल्फ्ट येथे काम करून ते बंगलोरच्या इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समध्ये अध्यापक झाले. देशमुख यांना २०१५ मध्ये शांतिस्वरूप भटनागर पुरस्कार मिळाला. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत कार्बनाच्या सूक्ष्मनलिका विद्युत् रासायनिक रीतीने उभ्या चिरून ग्रॅफीनच्या अरुंद फिती बनविण्याचे काम २०११ मध्ये प्रसिद्ध झाले.

या क्षेत्रात येणाऱ्यास पदव्युत्तर शिक्षणानंतर राष्ट्रीय पात्रता परीक्षा किंवा संस्थेची प्रवेशपरीक्षा द्यावी लागते. केंद्र शासनाने २०२३ पासून कनिष्ठ संशोधन अधिछात्रवृत्ती दरमहा ३७,००० रुपये केली. डॉक्टरेटला बहुधा पाच-सहा वर्षे लागतात व नंतरची काही वर्षे परगावी वा परदेशी तात्पुरत्या नेमणुकीत जातात. कायम जागा थोड्याच असतात. घरात आधी कोणी या वाटेने गेलेले असेल, तर हा हिशेब आपोआप कळतो. तोरण्याच्या पायथ्याच्या वेल्ह्यासारख्या डोंगराळ भागातून आलेल्या विद्यार्थ्यास, राष्ट्रीय प्रयोगशाळा स्वतःच्याच जिल्ह्यात असूनही, तो कोणी तरी समजावून सांगावा लागतो. मार्गदर्शक निवडताना त्याची कीर्ती किंवा निबंधांची संख्या पाहण्याचा प्रघात आहे. त्याहून उपयोगी चौकशी म्हणजे त्याचे मागचे विद्यार्थी किती वर्षांत बाहेर पडले, आज ते कोठे आहेत आणि निबंधावर पहिले नाव कोणाचे असते, ही होय. ती त्याच प्रयोगशाळेतील दुसऱ्या-तिसऱ्या वर्षाच्या विद्यार्थ्यांकडे करावी व प्रवेश पक्का करण्यापूर्वी करावी.