दुर्बीण मुलाच्या मापाची
बिरसा-बैहर भागातून मुक्की गेटमार्गे कान्हाच्या जंगलात जाताना मुलांच्या हाती अनेकदा मोठ्यांची 10×50 दुर्बीण दिली जाते. ती जड. हात थरथरतो आणि भिंगातला बारशिंगाही थरथरतो.

सहा-सात वर्षांच्या मुलाला 6×30 पुरे. पहिला आकडा किती पट मोठं दिसेल ते सांगतो. दुसरा पुढच्या भिंगाचा व्यास, मिलिमीटरमध्ये. 30 भागिले 6, म्हणजे डोळ्याकडे येणारा प्रकाशझोत 5 मिलिमीटरचा. 8×21 मध्ये तो जेमतेम 2.6. पहाटेच्या सालवनात हा फरक लगेच जाणवतो.

मुलांचे डोळे एकमेकांजवळ असतात. दुर्बीण पूर्ण मिटूनही दोन वर्तुळांचं एक होत नसेल, तर ती घेऊच नये.

सूर्याकडे मात्र ती कधीही रोखू देऊ नये.