थंडीला पुरून उरणाऱ्या ध्रुवीय कोल्ह्यापुढे वाढत्या उष्णतेचे आव्हान

उत्तर ध्रुवाभोवतीच्या प्रदेशात हिवाळ्यात तापमान उणे ४० अंश सेल्सिअसच्याही खाली उतरते. अशा थंडीतही ध्रुवीय कोल्हा शीतनिद्रा न घेता भक्ष्याच्या शोधात हिंडत असतो. साधारण तीन ते पाच किलो वजनाचा हा प्राणी मांजराहून फारसा मोठा नसतो. लहान शरीरातील उष्णता लवकर निघून जाते, म्हणूनच त्याचे तेथे तग धरणे अभ्यासकांच्या कुतूहलाचा विषय ठरले आहे.

त्याचे मुख्य संरक्षण म्हणजे अंगावरील लोकर. हिवाळ्यात लांब केसांखाली मऊ, दाट केसांचा थर वाढतो आणि त्यात अडकलेली हवा शरीराची ऊब बाहेर जाऊ देत नाही. हे आच्छादन तळपायांवरही असते. ‘व्हल्पिस लॅगोपस’ या शास्त्रीय नावातील दुसऱ्या शब्दाचा अर्थच ‘सशासारखे पाय असलेला’ असा आहे. पायांतील रक्तवाहिन्यांची रचनाही खास आहे. पंजाकडे जाणारे उबदार रक्त तेथून परतणाऱ्या थंड रक्ताला वाटेतच उष्णता देते. त्यामुळे पंजे थंड राहतात, मात्र गोठत नाहीत आणि शरीराची उष्णता बर्फात वाया जात नाही.

आखूड कान, आखूड मुस्कट आणि गोलसर बांधा यांमुळे थंड हवेच्या संपर्कात येणारा शरीराचा भाग कमी राहतो. याच प्रजातीगटातील सहारा वाळवंटातील फेनेक कोल्ह्याचे कान मात्र उष्णता बाहेर टाकण्यासाठी भलेमोठे असतात. महाराष्ट्राच्या माळरानांवरील खोकडही याच गटातील असून त्याचे कान लांब व टोकदार असतात.

हिवाळ्यात पांढरा असणारा हा कोल्हा उन्हाळ्यात करड्या-तपकिरी रंगाचा होतो. शरद ऋतूत तो अंगावर चरबी साठवतो. पक्ष्यांची अंडी व शिकार पुरून ठेवतो. अनेक भागांत त्याचे मुख्य अन्न म्हणजे लेमिंग हा उंदरासारखा छोटा प्राणी. लेमिंगांची संख्या दर तीन ते पाच वर्षांनी वाढते आणि त्या वर्षी कोल्ह्यांची पिल्लेही मोठ्या संख्येने जन्मतात.

अन्नाच्या शोधात हा प्राणी किती दूर जाऊ शकतो, हे २०१८ मध्ये दिसून आले. नॉर्वेच्या स्वालबार द्वीपसमूहातील एक तरुण मादी गोठलेला समुद्र आणि ग्रीनलँड ओलांडून ७६ दिवसांत एकूण ३,५०६ किलोमीटर प्रवास करून कॅनडाच्या एल्समेअर बेटावर पोहोचली. गळपट्ट्यातील उपग्रह संदेशयंत्रामुळे तिचा मार्ग नोंदवला गेला. समुद्रावरील बर्फ घटत गेल्यास असे मार्ग बंद होऊन बेटांवरील कोल्हे एकाकी पडण्याची शक्यता आहे.

तापमानवाढीचे इतर परिणामही गंभीर आहेत. हिवाळ्यात पाऊस पडून तो गोठला की जमिनीवर कठीण थर तयार होतो. त्यामुळे बर्फाखाली राहणाऱ्या लेमिंगांचे अन्न तुटते आणि पर्यायाने कोल्ह्यांची उपासमार होते. बर्फ लवकर वितळल्यास पांढरा रंग लपण्यास उपयोगी पडत नाही. शिवाय आकाराने मोठा असलेला लाल कोल्हा उत्तरेकडे सरकत असून तो ध्रुवीय कोल्ह्याची बिळे बळकावतो आणि प्रसंगी त्याला ठारही मारतो.

जागतिक पातळीवर ही प्रजाती धोक्यात नसली, तरी उत्तर युरोपात तिची स्थिती नाजूक आहे. लोकरीसाठी झालेल्या शिकारीमुळे तेथील संख्या कमालीची घटली होती. स्वीडनने १९२८ मध्ये, नॉर्वेने १९३० मध्ये आणि फिनलंडने १९४० मध्ये तिला संरक्षण दिले. तरीही संख्या अनेक दशके सावरली नाही. बंदिस्त पैदास करून कोल्हे निसर्गात सोडणे, त्यांना पूरक अन्न देणे आणि लाल कोल्ह्यांवर नियंत्रण ठेवणे या उपायांनंतर चित्र बदलू लागले. फिनलंडमध्ये १९९६ नंतर प्रथमच २०२२ मध्ये पिल्लांचा जन्म नोंदवला गेला.