निवडणाऱ्याचे गुण कोण तपासणार?

केंद्रस्तरावरच्या क्रीडास्पर्धा जवळ आल्या, की आमच्या सोनगीरकडे शाळाशाळांतून खो-खोचे संघ निवडायची गडबड उडते. घ्यायची असतात बारा मुलं, आणि मैदानावर उभी असतात चाळीस! मागच्या वर्षी निवड माझ्याकडे होती. यादी वाचून झाली, मुलं पांगली. चौथीतला एक किडकिडीत मुलगा मात्र खांबापाशीच उभा राहिला. हळूच म्हणाला, "सर, माले काबरं नही लिधं?"

"अरे, तू अजून लहान आहेस," मी म्हणालो. खरं सांगू? मी त्याला पळताना नीट पाहिलंच नव्हतं.

तुमच्या पेपरांचे गुण आम्ही देतो. पण निवडणारा पास की नापास, हे कोण ठरवणार? आमचं गाव तांब्यापितळेच्या भांड्यांसाठी प्रसिद्ध. भांड्याला चीर असेल तर वाजवल्याबरोबर कळतं. पोरांचं तसं नसतं, बरं का. त्यांचा आवाज कळायला कधी कधी दहा वर्षं लागतात!

चला तर, एका मोठ्या निवडणाऱ्याचं प्रगतिपुस्तक उघडून बघू. त्यांचं नाव दिलीप वेंगसरकर. तुमच्या बाबांना विचारा, लॉर्ड्सच्या मैदानावर १९७९, १९८२ आणि १९८६ अशी लागोपाठ तीन कसोटी शतकं ठोकणारे वेंगसरकर त्यांना नक्की आठवतील. ११६ कसोट्या, १७ शतकं. पण आपण त्यांची फलंदाजी तपासणार नाही. आपण तपासणार आहोत त्यांची नजर.

२००२ साली भारतीय क्रिकेट मंडळानं गुणी खेळाडू हुडकण्यासाठी एक खास विभाग काढला. त्यामागची कल्पना क्रीडापत्रकार मकरंद वायंगणकर यांची, आणि अध्यक्ष झाले वेंगसरकर. जुन्या खेळाडूंनी लहान लहान गावांतले सामने बघायचे, अहवाल लिहायचे आणि वर पाठवायचे, अशी पद्धत. २००३ साली बंगालचे माजी कर्णधार प्रकाश पोद्दार जमशेदपूरला सामना बघायला गेले. झारखंडचा एक लांब केसांचा यष्टिरक्षक चेंडू असा काही फटकावत होता, की त्यांनी अहवालात त्याच्या ताकदीचं कौतुक केलं. यष्टिरक्षण सुधारायला हवं, हेही लिहिलं. हाच महेंद्रसिंग धोनी!

पण अडचण होती वयाची. धोनीनं एकविशी गाठलेली, नियमात तो बसत नव्हता. वेंगसरकरांनी नियम बाजूला ठेवला. माझ्या मते त्यांच्या प्रगतिपुस्तकातले सगळ्यात मोठे गुण इथंच आहेत. कारण त्या वेळी धोनीकडे फारसं कुणी बघतच नव्हतं.

आता गंमत बघा. धोनी शोधला कुणी? रांचीच्या शाळेत फुटबॉलच्या गोलरक्षकाला यष्टींमागे उभं करणाऱ्या केशव बॅनर्जी सरांनी? अहवाल लिहिणाऱ्या पोद्दारांनी? की २००४ साली त्याला भारतीय संघात घेणाऱ्या किरण मोरे यांच्या निवड समितीनं? एकाच उत्तरपत्रिकेवर चौघांची नावं! त्यातून बांगलादेशात पहिल्याच सामन्यात धोनी शून्यावर धावबाद झाला. त्या दिवशी गुण दिले असते, तर चौघंही नापास झाले असते.

२००६ ते २००८ वेंगसरकर स्वतः निवड समितीचे अध्यक्ष होते. सुरुवात वाईट झाली. २००७ च्या विश्वचषकात बांगलादेश आणि श्रीलंकेकडून हरून आपण पहिल्याच फेरीत घरी आलो. त्याच वर्षी सप्टेंबरात सचिन, सौरव, राहुल नसलेला तरुण संघ धोनीच्या हाती देऊन दक्षिण आफ्रिकेला पाठवला, आणि तो ट्वेंटी-२० चा विश्वचषक घेऊन आला! त्याच काळात ईशांत शर्मा आला, त्यानं पुढं ३११ कसोटी बळी घेतले. रोहित शर्माही तेव्हाच पहिल्यांदा भारताकडून खेळला. आणि मनोज तिवारीही. तो बंगालचा गुणी फलंदाज, पण १२ एकदिवसीय सामन्यांच्या पुढं गेला नाही. नजर तीच, निवडणारे तेच.

२००८ साली वेंगसरकरांनी ऑस्ट्रेलियात तरुण खेळाडूंच्या स्पर्धेत विराट कोहलीला न्यूझीलंडविरुद्ध शतक करताना पाहिलं आणि श्रीलंकेच्या दौऱ्यासाठी त्याचं नाव पुढं केलं. तेव्हा मंडळाचे खजिनदार एन. श्रीनिवासन यांना दुसरा खेळाडू हवा होता आणि त्यामुळेच आपलं पद गेलं, असं वेंगसरकरांनी २०१८ साली सांगितलं. श्रीनिवासन यांनी ते साफ नाकारलं. ते भांडण आपण मोठ्यांवर सोडू. पण कोहलीचे गुण देताना मी हात थोडा आखडता घेईन. त्याच वर्षी मार्चमध्ये त्यानं कर्णधार म्हणून १९ वर्षांखालचा विश्वचषक जिंकला होता, सगळ्या देशानं त्याला पाहिलं होतं. वेंगसरकरांनी घेतला नसता, तर दुसऱ्या कुणी वर्षभरानं घेतलाच असता. लपलेला खेळाडू शोधणं वेगळं, आणि समोर दिसणाऱ्याला वेळेवर संधी देणं वेगळं. दोन्हीला गुण आहेत, पण सारखे नाहीत.

उत्तर अमेरिकेत बर्फावरच्या हॉकीत तर याची पक्की नोंदच राहते. तिथं दरवर्षी संघ पाळीपाळीनं तरुण मुलं निवडतात आणि कोण कितव्या क्रमांकावर घेतला गेला, ते कायमचं लिहिलं जातं. डेट्रॉइटच्या संघाचे हाकन अँडरसन युरोपात खेळाडू शोधत फिरायचे. त्यांच्या शिफारशीवरून १९९८ साली रशियाचा पावेल दात्स्युक १७१ व्या आणि १९९९ साली स्वीडनचा हेन्रिक झेटरबर्ग २१० व्या क्रमांकावर घेतला गेला. म्हणजे इतर संघांनी त्यांना कितीदा नाकारलं असेल बघा! २००८ साली डेट्रॉइटनं मानाचा स्टॅनले चषक जिंकला, तेव्हा संघात हे दोघंही होते.

आपल्याकडे मात्र न निवडलेल्यांची यादी कुणीच ठेवत नाही. वेंगसरकरांच्या त्या विभागाचं कामही पुढं काही वर्षांतच थांबलं. कितीतरी गावांपर्यंत अहवाल लिहिणारा माणूस पोचलाच नसेल. प्रगतिपुस्तकातलं हे पान कोरंच आहे.

मागच्या वर्षी त्या संध्याकाळी घरी जाऊन मी एक वही केली. चाळीसही मुलांची नावं लिहिली. कुणाला का घेतलं, कुणाला का नाही, सगळं लिहिलं. त्या किडकिडीत मुलाच्या नावापुढं लिहिलं, 'पळणं पाहिलं नाही.' तो आता पाचवीत आहे. येत्या शनिवारी सकाळी पुन्हा निवड आहे. या वेळी शिट्टी दुसऱ्या सरांकडे देणार आहे. मी वही घेऊन खांबापाशी नुसता बसणार आहे.