कानाने धरलेला प्रेक्षक

२३ नोव्हेंबर २०२४. सकाळी सेक्टर १६ च्या मेट्रो स्थानकातून बाहेर पडले तेव्हा नोएडावर धुरकं दाटलं होतं. फिल्म सिटीतल्या एका हिंदी वृत्तवाहिनीत मी ग्राफिक्सचं काम बघते. आठ वाजता विधानसभेच्या महाराष्ट्रातल्या २८८ आणि झारखंडच्या ८१ जागांची मतमोजणी सुरू होणार होती.

पीसीआरमध्ये, म्हणजे प्रक्षेपणाच्या नियंत्रण कक्षात, भिंतभर मॉनिटर असतात. मतमोजणीच्या दिवशी मी मात्र कोपऱ्यातल्या साध्या घरगुती टीव्हीसमोर बसते, हातात मोबाइल घेऊन. प्रेक्षक असाच बसलेला असतो. मी मुद्दाम फोनमध्ये डोकं घालते आणि मध्येच वर बघते. पहिल्या क्षणी काय कळलं, ते टॉकबॅकच्या माइकवरून ग्राफिक्सच्या टेबलाला सांगते. वर पट्टी, खाली मथळ्याचा ऍस्टन, त्याखाली धावता टिकर, मध्ये सहा विंडोंत सहा माणसं. एवढ्या गर्दीत परत आलेली नजर टेकायला जागा शोधते आणि मिळाली नाही तर निमूट फोनकडे वळते. म्हणून आकड्यांचा तक्ता दिवसभर जागचा हलवू द्यायचा नाही, यावर मी अडून बसते. महाराष्ट्रातल्या बहुमताचा १४५ हा आकडा सकाळी जिथे दिसला, तिथेच संध्याकाळीही दिसला पाहिजे.

पण नजर मुळात वर येते ती कानामुळे. घरात टीव्ही ‘बघितला’ जातो असं आपण म्हणतो. प्रत्यक्षात बराच वेळ तो ऐकला जातो. टीव्हीच्या प्रेक्षकांची मोजणी करणाऱ्या बार्क या संस्थेचं यंत्रही आवाजावरच चालतं. वाहिनीच्या ध्वनीत माणसाला ऐकू न येणारी खूण मिसळलेली असते, ती यंत्र ओळखतं. खोलीत कोण आहे, ते घरच्यांनी बटण दाबून नोंदवायचं. त्या माणसाचे डोळे कुठे होते, हे त्या नोंदीत येत नाही.

आमच्याकडे मोठी बातमी आली की ‘स्टिंग’ वाजते, दोन सेकंदांचा ठसठशीत आवाज. ती वाजवण्यावरून दर मोजणीला वाद होतो. दर फेरीच्या आघाडीला वाजवली तर तासाभरात कान तिला सरावतात आणि खरा निकाल आला तेव्हा कोणी मान वर करत नाही. माझ्या मते तो प्रेक्षकाचा विश्वासघात आहे. त्याने फोन बघत असतानाही कान आपल्याकडे ठेवलेला असतो.

क्यूआर कोडचंही तसंच. लोकसभेच्या मोजणीच्या वेळी तो पडद्यावर पाच सेकंद ठेवला होता. आमच्याच खोलीत कोणाला जमलं नाही. फोनचं कुलूप उघडून कॅमेरा रोखेपर्यंत कोड गायब. आता तो बराच वेळ राहतो, आणि तेवढ्यात अँकरने नवं काही सांगायचं नाही, आधीचंच सावकाश पुन्हा सांगायचं, असं ठरलंय. आपणच माणसाला फोनकडे पाठवायचं आणि त्याची पाठ वळताच महत्त्वाचं बोलून टाकायचं, हे बरं नाही.

दुपारी कराडहून आईचा फोन आला. मी पीसीआरच्या दाराबाहेर आले.

“अगं, तुमच्या चॅनेलवर कराड दक्षिणचं काहीच सांगत नाहीत. मी मोबाइलवर निवडणूक आयोगाच्या साइटवर बघतेय. पृथ्वीराजबाबा मागे दिसतायत, खरं का?”

खरं होतं, माजी मुख्यमंत्री पृथ्वीराज चव्हाण त्या दिवशी तिथे हरले. तिच्याशी बोलताना मला लागलं ते वेगळंच. कंटाळा आला म्हणून लोक फोन हातात घेतात, असं आम्ही बैठकांत धरून चालतो. आई कंटाळली नव्हती. ती आपलं गाव शोधत होती आणि आमच्या तक्त्यात २८८ चा आकडा होता, गाव नव्हतं. प्रत्येक विभागाच्या जागा ठरलेल्या वेळी, आधी सांगून दाखवाव्यात, हे मी तिथेच उभ्याने वहीत लिहिलं.

तेवढ्यात आत स्टिंग वाजली. आई बोलतच होती, शेजारच्या काकूंबद्दल काहीतरी. काही सेकंदांनी तीच स्टिंग फोनमधून, तिच्या टीव्हीवरून ऐकू आली. वाक्य अर्ध्यावर तुटलं.

“थांब गं,” ती म्हणाली, “काहीतरी आलंय.”