भांडुपचा फ्लॅट आणि परदेशातली लेक

भांडुपचा राहता फ्लॅट अमेरिकन नागरिक झालेल्या मुलीला बक्षीसपत्राने देता येतो. मात्र तिच्याकडे ओसीआय कार्ड हवे. आपल्याकडचा गिफ्ट टॅक्स 1998 मध्येच गेला. आईवडिलांच्या भेटीवर मुलीला प्राप्तिकर नाही, देणाऱ्यालाही भांडवली नफ्याचा कर नाही. महाराष्ट्रात मुलीसाठी मूळ मुद्रांक शुल्क 200 रुपये, अधिभार वेगळा.

पुतण्याला द्यायचा असेल तर मात्र थांबा. प्राप्तिकर कायदा काकाला नातेवाईक मानतो, परकीय चलनाचा फेमा कायदा मानत नाही. घरोघरी चूक होते ती इथेच.

पुढे फ्लॅट विकल्यास नफा आईवडिलांच्या खरेदी किमतीवरून मोजतात. किंमत एक लाख डॉलरवर असेल तर मुलीने अमेरिकेत फॉर्म 3520 वेळेत भरावा; कर नसला तरी दंड जबर असतो.