स्वनिर्मित गतिशील रेसिंग सिम्युलेटरमधील आसनाचे स्लायडर : समायोजन व फेरबदल

प्रस्तावना

मोटार शर्यतीचा विषय कोल्हापूरला नवा नाही. मोहिते रेसिंग अकादमीची कार्टिंग धावपट्टी याच परिसरात आहे आणि येथील कृष्णराज महाडिक यांनी ब्रिटिश फॉर्म्युला थ्री मालिकेत भाग घेतलेला आहे. तथापि शर्यतीची गाडी सामान्य विद्यार्थ्याच्या आवाक्याबाहेरची असते. त्यामुळे संगणकावरील शर्यतीच्या खेळाला हलत्या आसनाची जोड देऊन घरच्या घरी सिम्युलेटर उभारण्याचा प्रकल्प यंत्र अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यास आकर्षक वाटणे स्वाभाविक आहे. अशा प्रकल्पात मोटार व इलेक्ट्रॉनिक मंडल यांवर भर दिला जातो आणि आसनाखालचा स्लायडर मात्र भंगारातून आणून जसाच्या तसा बसविला जातो. प्रस्तुत लेखकाच्या मते अनुभवाचा खरेपणा मोटारीच्या शक्तीपेक्षा या दुर्लक्षित भागावर अधिक अवलंबून असतो.

दुसऱ्या कामासाठी घडविलेला भाग सिम्युलेटरमध्ये वापरण्याची परंपरा जुनी आहे. अमेरिकेतील एडविन लिंक यांनी १९२९ साली वैमानिकांसाठी जो प्रशिक्षक तयार केला, त्यात वडिलांच्या ऑर्गन कारखान्यातील भात्यांचे तंत्र वापरले होते.

स्लायडरचे मूळ कार्य

मोटारीच्या आसनाचा स्लायडर म्हणजे दाबून आकार दिलेल्या पोलादी पत्र्याचे एकात एक सरकणारे दोन रूळ. त्यांच्या कडांमध्ये पोलादी गोळ्या किंवा रोलर असतात, तर मधल्या दात्यांत खटका अडकतो. येथे एक गोष्ट ध्यानात घेणे अगत्याचे आहे. हा भाग सरकण्यासाठी नव्हे, तर एकदा सरकवून घट्ट थांबण्यासाठी बनविलेला असतो. आसन खडखडू नये म्हणून रुळाच्या कडा गोळ्यांवर मुद्दाम दाबून धरलेल्या असतात आणि ग्रीसही दाट असते. सिम्युलेटरची अपेक्षा नेमकी उलट असते. तेथे आसनाने मिनिटाला अनेक वेळा, अल्प अंतर, विनासायास पुढेमागे जावयाचे असते.

घर्षणाचा प्रश्न

चालक व आसन मिळून ८५ किलोग्रॅम वस्तुमान धरू. स्थितिक घर्षणाचा गुणांक ०.२० आणि गतिज घर्षणाचा ०.१५ मानल्यास आसन हलण्यास सुमारे १६७ न्यूटन बल लागते. हलू लागताच ही गरज १२५ न्यूटनवर येते. उरलेले ४२ न्यूटन आसनाला एकाएकी सुमारे ०.५ मीटर प्रति सेकंद वर्ग इतके त्वरण देतात. आपल्या अंतःकर्णास एकसमान वेग कळत नाही, त्वरणातील बदल मात्र तत्काळ कळतो आणि हा हिसका संवेदनेच्या उंबरठ्याच्या बराच वर आहे. चालकाला तो रस्त्यावरील खड्ड्यासारखा भासतो. पडद्यावर तर रस्ता सपाट असतो! मोटार अधिक शक्तिशाली घेऊन हा दोष जात नाही.

स्लायडरची लांबीही मर्यादित असते. एकूण २० सेंटिमीटर सरक मिळाली, तर मध्यापासून एका बाजूस १० सेंटिमीटर उरतात. त्यातील निम्म्या अंतरात ३ मीटर प्रति सेकंद वर्ग त्वरण द्यावे आणि उरलेल्या निम्म्यात तितक्याच दराने थांबावे, तर सगळा खेळ ०.३७ सेकंदांत संपतो. म्हणजे स्लायडर ब्रेकचा केवळ पहिला धक्का देऊ शकतो. पुढचा दीर्घ दाब आसन हळूहळू कलवूनच भासवावा लागतो. तो पहिला धक्काच जर घर्षणाने विद्रूप झाला, तर मग उरते काय?

प्रत्यक्ष फेरबदल

प्रथम खटका व त्याची स्प्रिंग काढावी. जुने ग्रीस रॉकेलने धुऊन रूळ हाताने संपूर्ण लांबीवर सरकवून पाहावेत. जेथे ते जड जातात, तेथे बहुधा कड किंचित दबलेली असते किंवा पत्र्यावर बारीक कंगोरा असतो. कंगोरा बारीक कानशीने काढावा. कड मात्र फार थोडी आणि प्रत्येक वेळी तपासूनच उघडावी. घर्षण कमी करण्याच्या नादात कड अधिक उघडली की रुळात ढिलाई येते आणि दिशा बदलताना आसन खट्‌ असा आवाज करते. घर्षण आणि ढिलाई यांतील हा मध्य हातालाच कळतो. शिवाजी उद्यमनगरातील अनुभवी फिटरचा सल्ला येथे पाठ्यपुस्तकापेक्षा उपयोगी ठरावा. शेवटी पातळ ग्रीस लावावे.

पुष्कळदा दोष रुळात नसून जोडणीत असतो. दोन्ही रूळ समांतर नसतील, तर प्रत्येक रूळ सुटा असताना हलका आणि जोडल्यावर जड जातो. यासाठी एक रूळ पक्का आवळावा, दुसऱ्याच्या बोल्टची छिद्रे आडवी लांबट करावीत, आसन टोकापासून टोकापर्यंत फिरवावे आणि मगच तो आवळावा. वेल्डिंगच्या उष्णतेने चौकट वाकते, म्हणून रूळ चौकटीला न वेल्डता बोल्टनेच जोडणे श्रेयस्कर. मोटारीचे बल दोन्ही रुळांच्या बरोबर मध्यावर द्यावे. एका बाजूने दिल्यास आसन तिरपे होऊन अडकते. स्थितिसंवेदक मोटारीच्या दांड्यावर न बसविता आसनावर बसविल्यास सांध्यांतील ढिलाई नियंत्रकाला कळते.

गोळ्या रुळाच्या एकाच मध्यभागात फिरत राहिल्याने तेथे कालांतराने खोबणी पडते. वेळोवेळी रूळ उघडून ती पाहावी आणि खोल आढळल्यास रूळ बदलावा.

सुरक्षितता

खटका काढल्यावर आसनाला अडविणारे काही उरत नाही. दोन्ही टोकांना रबरी अडथळे, त्याआधी मोटार बंद करणारे स्विच आणि चालकाच्या हाताशी आपत्कालीन बटण असल्याखेरीज कोणालाही आसनावर बसू देऊ नये. याहून गंभीर धोका प्रकल्प संपल्यानंतरचा आहे. अमेरिकी सुरक्षा मानकानुसार मोटारीच्या आसनाच्या बांधणीने आसनाच्या वजनाच्या २० पट बल सोसणे आवश्यक असते आणि पुढेमागे हा भार धरण्याचे काम खटका व दाते करतात. फेरबदल केलेला रूळ भंगारात गेला, तर तो कोणाच्या तरी गाडीत पुन्हा बसू शकतो. म्हणून फेरबदलाच्या दिवशीच त्याचे दाते कापून टाकावेत आणि त्यावर लाल रंगाने ‘वाहनात वापरू नये’ असे लिहावे.