शेवटच्या इंजेक्शननंतरचे पाच आठवडे

खजराना गणपतीचे दर्शन घेऊन परतताना एक परिचित भगिनी माझ्या दवाखान्यात आल्या. पित्ताशयाची शस्त्रक्रिया चार दिवसांवर होती. "सध्या कोणते औषध चालू आहे?" या प्रश्नावर "काहीच नाही, डॉक्टरसाहेब," असे उत्तर मिळाले. उठता उठता म्हणाल्या, "वजनाचे इंजेक्शन घेत होते, तेही दहा दिवसांपूर्वी सोडले."

मी त्यांना पुन्हा बसविले. सेमाग्लुटाइडचे अर्धायुष्य सुमारे 7 दिवसांचे असते. त्याच्या रेणूला जोडलेली मेदाम्लाची शृंखला रक्तातील अल्ब्युमिनला बिलगून राहते; म्हणूनच तर आठवड्यातून एकदाच टोचून घेणे पुरते. आठवड्याने ते निम्मे उरते, दोन आठवड्यांनी पाव. शरीरातून जवळजवळ नाहीसे होण्यास पाच आठवडे लागतात. टिर्झेपटाइडचे अर्धायुष्य 5 दिवसांचे.

या औषधाने जठर सावकाश रिकामे होते. रुग्ण उपाशी असूनही जठरात अन्न राहू शकते आणि भूल दिल्यावर ते श्वासनलिकेत उतरण्याचा धोका असतो. 2023 साली अमेरिकेतील भूलतज्ज्ञांनी शस्त्रक्रियेपूर्वी एक आठवडा इंजेक्शन टाळण्यास सांगितले. 2024 मध्ये रुग्णागणिक निर्णय घ्यावा, धोका असल्यास आदले 24 तास द्रवाहार द्यावा, असे ठरले.

मी भूलतज्ज्ञांना दूरध्वनी केला. द्रवाहार झाला, तरी त्या सकाळी सोनोग्राफीत जठर रिकामे दिसले नाही. शस्त्रक्रिया पुढे ढकलावी लागली. बाई रुसल्या, आम्ही मात्र निश्चिंत झालो.

गर्भधारणेपूर्वी तर सेमाग्लुटाइड दोन महिने आधी थांबवावे लागते. 2025 पासून ही इंजेक्शने आपल्याकडेही वजनासाठी मिळू लागली आहेत. त्यामुळे मी आता "काय चालू आहे?" एवढ्यावर थांबत नाही, "गेल्या दोन महिन्यांत काय टोचून घेतले?" हेही विचारतो.